राक्षसाची शेवटची नऊ मिनिटं

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्या पोटात साठ फुटी समुद्रराक्षस राहतो. घाबरू नका मित्रांनो, सध्या आम्ही दोघंही कपाटात इस्त्रीच्या मागे असतो.

टीव्हीवर सिनेमा लागला तेव्हा बाबांनी तो माझ्यावर उतरवून घेतला. मग घरच्यांना दाखवायला बसले. राक्षसावर तोफा रोखल्या आणि धाकटी लेक रडू लागली, म्हणून सिनेमा तिथेच थांबवला. दुसऱ्या दिवशी आईने मला कोरी समजून, नेमका तिथूनच विणकामाचा कार्यक्रम टेप केला.

तेव्हापासून दरवर्षी, सुट्टीच्या पहिल्या दुपारी, सगळे सतरंजीवर बसत. तोफा रोखल्या जात, आणि एकदम चष्मेवाल्या बाई म्हणत, "आता दोन टाके उलट." सगळं घर त्यांच्याबरोबर ते एका सुरात म्हणे. मग बाबा आवाज बंद करून उरलेला सिनेमा तोंडी सांगत. राक्षस तोफांकडे पाठ फिरवून समुद्रात आपल्या घरी जाई.

खरा शेवट बाबांना आणि मलाच ठाऊक होता. आम्ही दोघंही बोललो नाही.

पुढे लेक दूर गेली. आई तर कायमचीच गेली. प्लेअरनेही मान टाकली. तरी त्या दुपारी बाबा मला बाहीने पुसतात आणि मांडीवर घेऊन बंद टीव्हीसमोर बसतात. काचेत आम्ही दोघं दिसतो. कलाकार कमी, पण चित्र स्वच्छ.

यंदा लेक येणार होती. आला तो फोन.

"बाबा, नाही जमत हो. इकडे आम्ही तोच सिनेमा लावला, अख्खा. राक्षस मरतो की!"

बाबा म्हणाले, "तुमची प्रत खराब असेल."

"ते तुमच्या नातीला सांगा. रडून डोळे सुजवलेत तिने."

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. "आजोबा, मेला का तो?"

"छे गं. आधी म्हण, आता दोन टाके उलट."

तिकडून दोन आवाज आले. नातीचा, आणि मागून तिच्या आईचा. बाबांनी राक्षसाला सावकाश समुद्रापर्यंत पोचवलं. नऊ मिनिटं लागली. मग फोन बंद झाला आणि खोली पुन्हा होती तशी झाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी म्हणायला हवं. पण धूळ मला सोसते. तुमच्या घरी कुणाला एखादा शेवट अजून सांगायचा असेल, तर तो तेवढा ऐकून घ्या.

त्या दुपारी बाबांनी मला कपाटात ठेवलं नाही. आईच्या खुर्चीवर ठेवलं. तिथून टीव्ही चांगला दिसतो.