धनाजीची खात्री

आमच्या सांगलीच्या ख्रिस्ती मंडळीच्या चर्चमध्ये मागचा बाक मुद्दाम राखून ठेवलेला आहे. ज्यांना वाईट वागणुकीमुळं प्रभुभोजनातून, म्हणजे येशूची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीतून, वगळलंय त्यांनी तिथं बसायचं, म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट फिरवताना कुणाच्या तोंडासमोरून मागं घ्यावं लागत नाही. ते ताट तेवीस वर्षं मी फिरवतो. मंडळीचा पंच आहे मी. त्यातली अकरा वर्षं त्या बाकावर धनाजी बसायचा, आष्ट्याचा, जनावरांच्या बाजारातला दलाल आणि एक नंबरचा बेवडा.

बाकीचे वगळलेले लोक एकतर सुधारतात, नाहीतर लाजून यायचे बंद होतात. हा गडी दोन्ही करीना. तीन महिने दारू सोडायचा, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तरी पहिल्या रविवारी धुतलेला सदरा घालून एसटीनं हजर. ताटाकडं अशा समाधानानं बघायचा, जणू त्याच्याच घरचं जेवण वाढलं जातंय. मला तो चेहरा बघवत नसे.

परवा त्याची बायको भामाबाई आली. धनाजीचं लिव्हर गेलं होतं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, आणि मरायच्या आधी त्याला प्रभुभोजन हवं होतं. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, महाबळेश्वरला शिबिरात होते, देव माणसाला कसा निवडतो यावर तीन दिवस बोलायला. मी फोन लावला. ते म्हणाले, पंच, तुम्हीच जा, तारणाची, देवानं आपल्याला वाचवलंय याची, खात्री आहे का विचारा, असली तर द्या.

मी भाकर आणि द्राक्षरसाची बाटली पिशवीत घातली, पण द्यायचा माझा इरादा नव्हता. जन्मभर ढोसायचं आणि शेवटच्या घटकेला स्वर्गाच्या दारात रांग मोडून घुसायचं, ही कुठली रीत? विचारलं की रडेल, गयावया करेल, आणि मी पिशवी घेऊन परत येईन, असं मी एसटीतच ठरवलं होतं.

धनाजी खाटेवर पिवळा पडून होता. मी त्याला एकेक पाप ऐकवलं. नाताळच्या उपासनेत वेदीपुढं ओकला ते, भामाबाईची पाटली विकून प्यायला ते. त्यानं एकही नाकारलं नाही. भामाबाई भिंतीकडं तोंड करून बसली. मग मी विचारलं, एवढं सगळं करून तुला तारणाची खात्री कसली रे?

"पंच, बाजारात घेणाऱ्यानं जनावर पसंत केलं की त्याच्या पाठीवर गुलाल टाकत्यात," तो म्हणाला. "मग त्ये लंगडं निघू द्या, न्हाईतर मारकं. घेणारा घिऊन जातो. जनावरानं काय केलं म्हणून गुलाल पडत न्हाई. माज्यावर पडलाय. मी लय येळा दावं तोडलं, त्यानं परत आणून बांधलं."

दलालाची अक्कल! देवालाही नेऊन बाजारात उभा केला. मी म्हणालो, असं असेल तर माणसानं नीट वागायचं तरी कशाला? तो म्हणाला, वागायला पायजेच होतं, वागलो न्हाई, त्याची लाज वाटती. रडला मात्र नाही. उलट त्यानंच मला विचारलं.

"तुमची खात्री हाय का, पंच?"

मी सांगायला लागलो. तेवीस वर्षांत एक रविवार चुकवला नाही, सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. त्यानं हात वर करून मला थांबवलं.

"त्ये तुमी काय केलं त्ये झालं. खात्री हाय का?"

 छातीत कळ आली की मी घाबरून माझे रविवार मोजायला लागतो, आणि ते कधीच पुरत नाहीत. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. या बेवड्याला कसं कळलं, देव जाणे. त्याचा इतका राग आला की पिशवी उचलून निघावंसं वाटलं.

पण पाळकसाहेबांनी घातलेली अट त्यानं पुरी केली होती. मी पिशवीतून भाकर काढून मोडली. त्यानं तुकडा खाल्ला, घोटभर रस घेतला आणि पोटभर जेवल्यासारखा डोळे मिटून पडला. भामाबाईनं एक तुकडा माझ्यापुढं केला. देणाऱ्यानंही घ्यायचा असतो. मी तो कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला.

आष्ट्याच्या स्टँडवर पाळकसाहेबांचा फोन आला. त्यांनी विचारलं, "खात्री होती का?"

"त्याला होती," मी म्हणालो.