कार्डाची मागची बाजू

पेटीत चारशे बारा कार्डं होती. तीस वर्षांत पुरानं नेलेल्या माणसांची, माणशी एक. लेकरं धरून पुरुष दोनशे सत्तावन्न, बायका एकशे पंचावन्न. वय तीनशे नव्वद कार्डांवर होतं, बावीस ठिकाणी रकाना कोरा. सापडल्याची जागा मात्र सगळ्यांवर होती. शहराच्या वरच्या भागात, म्हणजे नदी आत शिरते तिकडे, नऊ, मधल्या भागात एकसष्ट, खालच्या भागात तीनशे बेचाळीस.

मोजपट्टीनं हे तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा बारा वाजत आले होते. हे नाव तिला नानांनी ठेवलेलं. विज्ञानाची पदवी घेऊन ती या कार्यालयात लागली, आणि पहिल्याच दिवशी दाराची चौकट मोजून म्हणाली, नवं कपाट आत येणार नाही. कपाट अजून जिन्यातच होतं.

"पाय हलवू नकोस गं, टेबल डुगडुगतंय," नाना समोरून ओरडले. नाना म्हणजे जुने नोंदणी कारकून. निम्मी कार्डं त्यांच्याच हातची.

पाय थांबत नव्हता. पुराच्या इशाऱ्याचा भोंगा एकच मंजूर झाला होता. लोकवस्तीच्या मानानं जिथं जास्त माणसं गेली तिथं तो बसणार होता, आणि तक्ता पाच वाजता साहेबांच्या हातात हवा होता. तसा तक्ता तयार होता. खालचा भाग, दर दहा हजारांमागे पन्नास. वरचा भाग, चार. पण वर तर नदीचं पात्र अरुंद, पाण्याला ओढ जास्त, घरं काठाला चिकटलेली. मग चारच कसे? ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली.

तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"जेवलीस का?"

"जेवते गं. आत्या, खूश हो, तुमचा वरचा भाग सगळ्यात सुरक्षित निघाला."

पलीकडे भांडं आदळलं.

"आणि तुझे आतोबा? ते काय मागच्या दारानं पोहायला गेले होते?"

"तसं नाही गं. ते नऊ जणांत असतीलच."

"असतील म्हणजे? मोजणारी तू ना?" आत्याचा आवाज चढला. "शेजारची चौघं, कोपऱ्यावरच्या शिंप्याची सून... आमच्या एका गल्लीतलीच नऊ होतील. माझ्या गुडघ्यांनी जिना चढवत नाही, मी खालच्याच खोलीत झोपते. पाणी आलं तर मला उठवायला तुझा तक्ता येणार आहे?"

फोन ठेवून तिनं वरच्या भागातली नऊ कार्डं काढली. आतोबा त्यांत नव्हते. मधल्या एकसष्टांत नव्हते. खालच्या गठ्ठ्यात दोनशे सहावं कार्ड त्यांचं निघालं. सापडल्याची जागा: बंधाऱ्याची जाळी.

तिनं पुढची कार्डं भराभर चाळली. जाळी. जाळी. जाळी.

"नाना, माणूस वर बुडाला आणि खाली सापडला, तर नोंद कुठली?"

"जिथं सापडला तिथली. पंचनामा तिथं होतो ना! बुडाला कुठं ते काय मयत सांगणार?"

"आणि राहत कुठं होता?"

"ते विचारायला रकाना हवा. रकाना दिला नाही, तर मी काय कपाळावर लिहू?" नाना चिडले होते. मग हातातला चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी आतोबांचं कार्ड उलटं केलं. "हे बघ. ताब्यात घेणाऱ्याची सही आणि पत्ता. तुमच्या संगणकात ही बाजू कुणी चढवलीच नाही."

मागं आत्याची सही होती. वाकडी, ओळीच्या खाली घसरलेली. पत्ता वरच्या भागातला.

ती धावतच साहेबांकडे गेली. साहेबांनी सगळं ऐकलं, आतोबांचंही.

"म्हणजे घरचं माणूस निघालं, म्हणून तक्ता बदलायचा?"

तिचे कान तापले. खोटं तर नव्हतं. फोन आला नसता तर तिनं कार्ड उलटंही केलं नसतं.

"मी कार्डांना हात लावत नाही, साहेब. पत्ते नाना वाचतील. मी पाठ फिरवून बसते, नुसत्या रेघा मारते."

"पाच म्हणजे पाच," साहेब म्हणाले.

ती भिंतीकडे तोंड करून बसली. नाना एकेक कार्ड उलटत गेले. "वरचा. वरचा. खालचा. मधला. वरचा." शंभराच्या आत त्यांचा घसा बसला. पाणी प्यायले, पुन्हा सुरू झाले. दीडशेच्या पुढं ते चिडायचे थांबले. एका कार्डावर इतके अडखळले की तिला वळून बघावंसं वाटलं. ती वळली नाही.

"हे बेवारस. मागं कोरं."

"वेगळं ठेवा."

"हा बापाला न्यायला परगावाहून आलाय. पत्ता तिकडचा."

"तोही वेगळा."

"बाप इथलाच असणार गं."

"कुठल्या भागातला, ते माहीत नाही ना? मग वेगळा."

"मोजपट्टी ती मोजपट्टीच," नाना पुटपुटले आणि पुढचं कार्ड उचललं.

पावणेपाचला पेटी रिकामी झाली. तिनं रेघा दोनदा मोजल्या, नानांनी एकदा. तिन्ही वेळा बेरीज जुळली. तक्त्याखाली तिनं लिहिलं: ताब्यात घेणाऱ्याचा पत्ता हाच मयताचा धरला आहे. पाचला तीन मिनिटं कमी असताना कागद साहेबांच्या टेबलावर होता.

एकूण मृत्यू चारशे बारा. बेवारस अठ्ठावीस, परगावचा पत्ता तेरा. हे एकेचाळीस वगळले. वरचा भाग: एकशे सत्त्याऐंशी, दर दहा हजारांमागे पंच्याऐंशी. मधला भाग: अठ्ठ्याऐंशी, दर दहा हजारांमागे बावीस. खालचा भाग: शहाण्णव, दर दहा हजारांमागे चौदा.