चढाआधी पुढे

सेरिकबोल अगायनी सगळ्यांसमोरच सांगितलं, "कुन्सुलू, सायकल-संघातली तुझी जागा अजून तुझीच आहे. पण आज तालगारच्या पुलावर घोळक्यासोबत दिसली नाहीस, तर ती तोमिरिसची. मी पुलावरच थांबतोय."

एवढं बोलून प्रशिक्षक आपल्या गाडीतून निघूनही गेले.

तोमिरिस हसली. वय एकोणीस, अंगावर चिमूटभर मांस नाही, चढावर शेळीसारखी पळायची. ताई म्हणावं तसं कुन्सुलूला 'ताते' म्हणायची. "ताते, मागून टेम्पो येतोय. दमलात तर बसा हं त्यात, लाजू नका."

"तू स्वतःला बांधून घे आधी. वारा सुटलाय."

बाकीच्या पोरी खिदळल्या. कुन्सुलूला हसू आलं नाही. बाळंतपणात सासूनं मेंढ्याचं मटण न् रस्सा असा प्रेमानं भरवला होता, की अल्दियार रांगायला लागला तरी अंगावर चढलेलं उतरायचं नाव घेत नव्हतं. त्यात दर वेळी ती एकच चूक करायची. चढ लागला की हट्टानं हलक्या पोरींच्या मागच्या चाकाला चिकटायची, आणि अर्ध्यावर धाप लागून पार गळायची.

आज चढ सुरू व्हायच्या आधीच, सपाट रस्त्यावर, ती कडेनं सगळ्यांच्या पुढे गेली.

"अगं, ह्या कुठे निघाल्या?"

चढ लागला. कुन्सुलूनं गिअर हलका केला आणि स्वतःच्या श्वासाला झेपेल तसे पाय मारत राहिली. एक पोर पुढे गेली. मग दुसरी. तोमिरिस अगदी शेजारून गेली. "एवढ्यात संपलात?"

जा, कुन्सुलू मनात म्हणाली. जा सगळ्या. मी शेपटाला लागायच्या आधी तुम्हा प्रत्येकीला मला ओलांडावं लागेल, आणि तेवढ्यात चढ संपेल.

संपलाच. माथ्यावर ती सगळ्यांच्या मागे होती, पण शेवटच्या पोरीची पाठ समोर दिसत होती.

आता उतार. इथे वजन तिच्या बाजूचं होतं, हात मात्र नव्हते. पोर झाल्यापासून उतार दिसला की बोटं आपसूक ब्रेकवर जायची. आपण पडलो तर त्याचं काय, हा एकच विचार. त्या भीतीपायीच ती गेले कित्येक दिवस नवऱ्याला गाडी हळू चालवायला लावून हा रस्ता बघत आली होती. रांगत्या पोराच्या वाटेत टाचणी पडलीय का, हे ज्या नजरेनं बघायची, त्याच नजरेनं. सफरचंदवाल्यांच्या वळणावर खडी. त्याच्या पुढे पाटाचं पाणी रस्त्यावर येतं. ब्रेक कुठे दाबायचा ते तिला पाठ होतं. म्हणजे बाकी कुठेच दाबायचा नव्हता.

खडीपाशी तिनं वेग कमी केला. पाण्यापाशीही केला. मग बोटं सोडली.

सायकल दगड सुटावा तशी सुटली. पोरी जीव खाऊन पेडल मारत होत्या आणि ही नुसती वाकून, पाय न हलवता त्यांना मागे टाकत होती. खाली सपाटीवर समोरून वारा आला, तेव्हा सगळ्या तिच्या रुंद पाठीमागे आडोशाला गोळा झाल्या.

"ताते, जरा हळू ना!" तोमिरिस ओरडली. "मागे राहतोय आम्ही!"

"मग मारा पेडल!"

पुलावर तिचं चाक पहिलं लागलं.

अगायनी घोळक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं. राहिली जागा. पण शर्यतीपर्यंत पाच किलो उतरव."

"नाही उतरवणार."

"काय?"

"पोर अंगावर पितंय माझं, अगाय. उपाशी नाही राहणार मी. चढाआधी मला पुढे वाट द्यायची, एवढं ह्या पोरींना सांगा."

"आणि चढावर?"

"चढावर मी मागे पडणार. सगळ्यांच्या देखत पडणार. तुम्ही तेवढं ओरडू नका."