कडी बाहेरून होती

ठाणेदार साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असा उभा होता, जणू सत्कारालाच आला आहे. मिशा कोरलेल्या, पट्टा चकाकत असलेला. मी न्यायाधीशांच्या पायाशी बसून जबान्या टाइप करत असे. सदतीस वर्षांत पुस्तकं पुष्कळ वाचली, तोंड मात्र फारसं उघडलं नाही.

खटला शिवणकारखान्याच्या आगीचा होता. दोन बाया जळून मेल्या होत्या. त्यांनी आतून कडी लावून घेतली, असं मालक म्हणत होता. त्यानेच बाहेरून कोंडलं, असं पोलिसांचं म्हणणं. सगळं त्या एका कडीवर अडलं होतं.

झडती घेतली होती ती ठाणेदाराच्या हाताखालच्या फौजदार बाईने. राखेत गुडघे टेकून दाराची फळी तिनेच शोधली. कागदावर नाव मात्र ठाणेदाराचं. बाईचं नाव कोर्टात टिकत नाही, असं त्याचं मत. सरकारी वकिलाने तर उलटतपासणीत रडायला लागली तर काय घ्या, म्हणून तिला साक्षीदारांच्या यादीतूनच काढलं. ती शेवटच्या बाकावर बसली होती, यांच्या फायली सांभाळत. मागच्याच महिन्यात दोघांनी समानतेवर भाषणं ठोकली होती. ठाणेदाराचं मीच टाइप करून दिलं होतं. त्यात 'माता-भगिनी' अकरा वेळा होत्या.

मालकाच्या वकिलाने विचारलं, "कडी कुठल्या बाजूला होती?"

ठाणेदाराने मागे वळून बाईकडे पाहिलं. मग छताकडे. मग पुन्हा बाईकडे.

"आतल्या."

बाईने डोळे मिटले. मालकाने ऐसपैस पाय पसरले.

न्यायाधीश ते वाक्य सांगू लागले आणि माझी बोटं थांबली. सांगतील ते टाइप करायचं, एवढीच माझी अक्कल. असं मागे वळून बघणं आजवर कितीदा पाहिलं आणि गिळलं, ते आठवून माझीच मला किळस आली.

"साहेब," मी म्हणालो, "उत्तराआधी साक्षीदार दोनदा मागे बघत होते. तेही घ्यायचं का?"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे बघितलं, मग मागच्या बाकाकडे. तिकडे काय आहे, असं त्यांनी ठाणेदाराला विचारलं.

"झडतीला ती होती, साहेब."

"आणि तुम्ही?"

"गाडीत."

कुणीतरी फिसकन हसलं.

न्यायाधीशांनी बाईलाच साक्षीला बोलावलं. घाबरू नका, आठवत नसेल तर तसं सांगा, असं मालकाचा वकील मधाळ आवाजात म्हणाला.

"आठवतंय की," ती म्हणाली. "कडी बाहेरून होती, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. तिच्यात खिळा घालून वाकवला होता. फळी तुमच्या समोरच्या खोक्यात आहे. अजून कुणी सील उघडलेलं दिसत नाही."

सील उघडलं. फळी अर्धी कोळसा झाली होती, पण ज्या अंगाला कडी होती त्याच अंगाला, रस्त्यावरून दिसावा असा, कारखान्याचा क्रमांक रंगवलेला होता. मालकाने पाय आवरून घेतले.

मधल्या सुट्टीत ठाणेदार माझ्या टेबलाशी आला. आयुष्यात पहिल्यांदा मला 'काका' म्हणाला.

"काका, ते गाडीचं वाक्य जरा मऊ करता येईल का? बढतीचं वर्ष आहे हो."

असल्या माणसांना मी आजवर उठून पाण्याचा ग्लास दिला आहे. मी चष्मा पुसत बसलो.

"कागद साहेबांकडे गेला," म्हणालो.

गेला नव्हता. माझ्या कोपराखालीच होता.