मयुरीच्या नावाने

खाडीचं खारं पाणी शिरून वालावलजवळच्या अनाथाश्रमाची भातशेती बुडाली, त्याच वर्षी मयुरीला तिचा मामा घेऊन गेला. तिच्या शाळेचा खर्च उचलणारे देवधर पुण्याहून तिला पहिल्यांदाच भेटायला आले. मदत बंद होईल या धास्तीने आश्रम चालवणाऱ्या सत्यवतीने आश्रमातल्याच सलोनीला मयुरी म्हणून पुढे केलं. पोरीने त्यांना कविताही म्हणून दाखवली.

देवधर गेल्यावर सलोनीने विचारलं, "काकी, आता माका मयुरीच म्हणतलंस?"

"नाय गो बाय, तू सलोनीच," म्हणताना सत्यवतीला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी तिने बूथवरून देवधरांना फोन करून सगळं खरं सांगितलं.

"त्या पोरीला कशाला खोटं बोलायला लावलंत?" एवढंच ते म्हणाले.

मदतीचं विचारायचं सत्यवतीचं धाडस झालं नाही.