छातीवरचा घट्टा

"लावली पैज! मिशी लावली माझी!" सुतारानं मांडीवर थाप मारली, आणि न्हाव्याच्या खुर्चीभोवतीचे रिकामटेकडे हसून हसून लोळायचेच बाकी राहिले.

वाद होता सुताराच्या छातीवरून. नांगराला भोक पाडायचं म्हणजे गिरमिटाची मूठ छातीला टेकवायची, अंगाचा भार टाकायचा आणि हातानं फिरवायचं. त्याच्या छातीच्या डाव्या बोंडामागं सुपारीएवढी टणक गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून सुतार ती उलट मिरवायचा. "कामाचा घट्टा आहे. माझ्या बापालाही होता."

"घट्टा कसला! लिंबाची बी गिळलीस लेका, आता झाड येणार," न्हावी म्हणाला. "पेरणी होईस्तोवर गिरमिटाला छाती लावू नकोस. मऊ पडला, तर तुला खांद्यावर घेऊन गावभर नाचतो. नाही पडला, तर मिशी माझी."

कानापर्यंत पिळलेल्या त्या मिशीवर न्हाव्याचा फार जुना डोळा होता.

पण पेरणी तोंडावर. ढेकळं विटेसारखी कडक, आणि जो तो नांगर घेऊन दारात. मग गिरमीट बायकोनं छातीला लावलं. सुतार नुसता लाकूड धरून बसायचा.

"काय वहिनी, तुमच्यात सुतार कोण?" येणारेजाणारे विचारायचे.

"घाम गाळतो तो सुतार. हे तर लाकूड हलू नये म्हणून ठेवलेत!"

बी मातीत गेलं. गाठ काही मऊ पडली नाही. उलट बोंड आत ओढलं गेलं. एक दिवस बायको कपडे धूत होती, ती सदरा घेऊनच उठली. "अहो, हे रक्त कशाचं?"

"कुसळ घुसलं असेल लाकडाचं."

"सदऱ्याच्या आतून? आणि रोज तर मी टेकतेय गिरमीट छातीला. मला उठली का गाठ?"

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला शहराच्या गाडीत बसवलं.

शहराच्या दवाखान्यात डॉक्टरणीनं छाती चाचपली, काख चाचपली, गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. पुन्हा बोलावलं तेव्हा म्हणाली, "काका, हा स्तनाचा कॅन्सर आहे. घरात कुणाला होता?"

"बहिणीला. त्यातच गेली. पण ती बाईमाणूस!"

"पुरुषाच्या छातीतही स्तनाचं मांस असतं, थोडंसं. क्वचित होतो, पण होतो. गिरमिटानं नाही झालेला. आणि पुरुष दाखवायला येत नाहीत, म्हणून उशीर होतो. काखेत पोचलाय. ऑपरेशन करू, औषधं देऊ. बरे व्हाल असा शब्द मात्र देत नाही मी."

घरी येऊन सुतार भिंतीकडं तोंड करून पडला. जेवला नाही. "मी जाणार नाही कापायला. गावाला काय सांगू, बायकांचा आजार झाला? मरायचंच, तर मिशी ठेवून गड्यासारखा मरेन."

"मेल्यावर तिला पीळ कोण देणार, किडे?" बायको कडाडली. मग मटकन खाली बसली. "गिरमीट चालवीन हो मी. पण घरात बोलू कुणाशी? या खांबाशी?"

सकाळी ती शहराच्या गाडीसाठी गाठोडं बांधायला लागली, तेव्हा सुतारानं सदरा चढवला आणि सरळ जाऊन न्हाव्याच्या खुर्चीत बसला.

"हरलास?" न्हावी टुणकन उडाला. "अरे या रे सगळे! सुतार हरला!"

"हरलो. घट्टा नाही तो. कॅन्सर आहे. स्तनाचा."

गर्दीतला लोहार खदखदला. "गड्याला कुठला रे स्तन?"

सुतारानं सदऱ्याची बटणं सोडली. "हा बघ. माझी बहीण ज्यानं गेली, तोच. ये, हात लाव."

लोहार जागचा हलला नाही. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. "नको गड्या. मोडली पैज. मी आपली गंमत केली रे..."

"चारचौघांत लावली, चारचौघांत देणार. औषधानं केस झडतील म्हणालीय डॉक्टरीण. मिशी तिला फुकट का देऊ? चालव! आणि हात धड ठेव, नाक लागणार आहे मला."

न्हाव्यानं डोळे पुसले आणि वस्तरा चालवला. अर्धी मिशी मातीत पडली, तरी कुणाच्या तोंडातून हूं नाही की चूं नाही. बायको गाठोडं घेऊन गर्दीच्या कडेला येऊन उभी राहिली.

शेवटी सुतारच ओरडला, "अरे हसा की लेकांनो! पैज हरलोय. मेलो नाही अजून!"