मागच्या मैदानावरच्या फेऱ्या

"सही कर, नाहीतर पळत बस," एवढंच बोलून रोस्तिस्लाव पनासोविच सूर्यफुलाच्या बिया सोलत राहिले. नीपर नदीकाठच्या त्या गावातली तेलाची गिरणी त्यांची, फुटबॉल क्लबही त्यांचाच.

झाखार बिलिकने आणखी चार वर्षांच्या करारावर सही करायला नकार दिला होता. वय अठ्ठावीस. सात हंगाम तो या क्लबच्या मधल्या फळीत राबला होता. आता पहिल्यांदाच बाहेरून, चेक देशातून, मागणी आली होती. पण जुना करार संपायला दीड वर्ष होतं. पनासोविच त्याला सोडेनात आणि खेळवेनातही.

दुसऱ्याच दिवशी त्याचं सामान संघाच्या खोलीतून बाहेर आलं. सकाळी दहाला हजर व्हायचं, मागच्या मैदानावर एकट्याने फेऱ्या मारायच्या, बाराला घरी. एक दिवस चुकला की करारभंग. चेंडू द्यायचा नाही, असा हुकूमच होता.

"घोड्यालासुद्धा निदान गाडीला जुंपतात रे," मैदान राखणारे पिलीपकाका म्हणाले. "तुला नुसतंच गोल फिरवतायत!"

"एखादा फाटका चेंडू द्या की, काका."

"दिला असता, पण नोकरी मलाही एकच आहे, बाळा."

सोबती आधी हात करायचे. पनासोविचांच्या खिडकीचा पडदा हलतो हे लक्षात आल्यावर तेही खाली मान घालून जाऊ लागले. शरदात चेक क्लबने दुसरा कुणी घेतला. झाखार बर्फातही पळत राहिला. रविवारी सामन्याचा गलका घरापर्यंत यायचा, तेव्हा तो उठून खिडकी लावून घ्यायचा.

"करून टाक सही, झाखारको," त्याची बायको ओरिस्या पुढ्यात वारेनिकीची, उकडलेल्या करंज्यांची, ताटली ठेवत म्हणाली. "तिशी गाठल्यावर कोण विचारणार तुला?"

"सही केली तर तेहतिशीपर्यंत त्यांचाच."

"आणि आत्ता कोणाचा आहेस?"

झाखारने उठून सकाळच्या फेऱ्यांचे बूट दाराशी काढून ठेवले.

मे महिन्यात दोन मिडफिल्डर जायबंदी झाले, आणि शेवटचा सामना हरला तर संघ खालच्या विभागात जाणार होता. पनासोविचनी त्याला मुख्य मैदानावर बोलावलं. "शनिवारी खेळ. मागचं विसरू."

"आणि करार?"

"ते नंतर बघू."

नाही म्हणायचं ठरवून तो गेला होता. पण गवताचा वास नाकात भरला आणि तोंडून 'हो' निघालं. शनिवारी सामन्यात मोकळ्या जागा त्याला पूर्वीसारख्याच दिसत होत्या. पाय मात्र अर्धं पाऊल मागे. "कुठे मेला होतास रे, बिलिक!" प्रेक्षकांतून कुणी ओरडलं. सत्तराव्या मिनिटाला त्याने दोघांमधून चेंडू पुढे काढून दिला. सामन्यातला एकमेव गोल त्यावरच झाला. संघ वाचला.

तो बूट सोडत होता, तेवढ्यात पनासोविचनी कागद बाकावर ठेवला. "आता तरी?"

"नाही."

"मग सोमवारी दहाला."

सोमवारी तो दहाला हजर होता. आणखी चार महिने पळाला.

करार संपून सुटका झाली तेव्हा फक्त झितोमिरकडच्या एका दुय्यम संघाने फोन केला. तिथल्या प्रशिक्षकाने एक वर्षाचा करार पुढे सरकवला. झाखारने तो तीनदा वाचला.

"मधेच जायचं असेल तर?"

"अरे, आधी ये तर खरा!" प्रशिक्षक खो खो हसला.

झाखारला हसू आलं नाही. त्याने कागद चौथ्यांदा वाचायला घेतला.